सरोवराच्या पोटात

चैत्र-वैशाखाच्या दिवसांत विहिरीत सूर मारणाऱ्या मुलांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. विहिरीचे वरचे पाणी उन्हाने कोमट झालेले असते. परंतु पुरुष-दोन पुरुष खाली जाताच अंगाला एकाएकी गारवा झोंबतो. खांद्याशी ऊन पाणी आणि पायाशी थंडगार पाणी, अशी त्या मुलाची अवस्था होते. पाणी एकाच विहिरीतले. मध्ये भिंत नाही की पडदा नाही. मग वरचे ऊन पाणी आणि खालचे गार पाणी एकमेकांत मिसळून का जात नाही?

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर मिळावयास फार काळ लागला, आणि ते विहिरीच्या काठी मिळाले नाही. विहीर ती केवढी! तिची खोली फार तर दहा-वीस मीटर. ज्या सरोवरांची खोली शेकडो मीटर असते, त्यांच्या तळाशी पाणी किती थंड असेल? जसजसे खाली जावे तसतसे ते अधिकाधिक थंडच होत जाते काय? आणि तसे असेल तर अगदी तळाशी बर्फ साठलेले असावयास हवे. ते तेथे असते काय? युरोपातील आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या विद्वानांना अठराव्या शतकात या प्रश्नांनी वेधून घेतले. कारण अशी खोल सरोवरे त्यांच्या अगदी दाराशी होती.

त्या सरोवरांत सर्वांत मोठे जिनीव्हाचे. तेथील लोक त्याला लेमान असे म्हणतात. त्याचा आकार चंद्रकोरीसारखा आहे. उत्तरेचा काठ स्वित्झर्लंड देशाचा, तर दक्षिणेचा बहुतेक काठ फ्रान्सचा. आल्प्सच्या हिमनद्यांतून निघालेली ऱ्होन नदी पूर्वेकडून त्यात शिरते आणि पश्चिमेस जिनीव्हा शहरापाशी बाहेर पडते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५८० चौरस किलोमीटर असून सर्वांत अधिक खोली ३१० मीटर आहे. दिल्लीच्या कुतुबमिनारासारखे चार मिनार या सरोवरात एकावर एक उभे केले, तरी चौथ्या मिनाराचे टोक पाण्याबाहेर येणार नाही.

एवढ्या खोल पाण्याचे उष्णतामान मोजावयाचे कसे? दोराला उष्णतामापक बांधून खाली सोडावा, हे कोणालाही सुचेल. पण त्यात एक मोठी अडचण आहे. उष्णतामापक तळाशी जाऊन तेथील थंडी बरोबर दाखवील. परंतु ती पाहावयास तेथे कोणी नाही! वर ओढून घ्यावा, तर वाटेत ऊन पाण्यातून येताना त्यातला पारा पुन्हा चढतो आणि हातात येईपर्यंत तळाची हकीकत पुसून गेलेली असते. जिनीव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने या अडचणीवर मोठी नामी युक्ती काढली. मों ब्लां हे उत्तुंग शिखर १७८७ साली चढून जाणारा हा गृहस्थ पर्वतांइतकाच सरोवरांचाही शोधक होता. त्याने उष्णतामापकाच्या फुग्याभोवती मेणाचे जाड आवरण चढविले. असा उष्णतामापक थंड होण्यास कित्येक तास लागत, म्हणून तो तळाशी तितका वेळ ठेवावा लागे. परंतु जो सावकाश थंड होतो तो सावकाशच तापतो. त्यामुळे वर ओढून घेण्याच्या थोड्या वेळात पारा फारसा हलत नसे. पुढे १८७४ मध्ये लंडनच्या नेग्रेटी व झाम्ब्रा या उपकरणे बनविणाऱ्या व्यावसायिकांनी याहूनही सोयीचा उष्णतामापक तयार केला. इष्ट खोलीवर पोहोचल्यावर तो उलटा करता येई. उलटा होताच नळीतील पाऱ्याचा धागा एका अरुंद जागी तुटे आणि तुटलेला भाग तसाच राही. मग तो कितीही ऊन पाण्यातून वर आला तरी तळाची साक्ष बदलत नसे.

सोस्यूरला लेमानच्या तळाशी काय आढळले? बाहेर आल्प्सच्या शिखरांवर बर्फ असो, की सरोवराच्या काठी द्राक्षे पिकत असोत, खोल तळाचे पाणी सुमारे पाच अंशांच्या आसपासच होते. तेथे बर्फ नव्हते, आणि बर्फाइतके थंड पाणीही नव्हते. उन्हाळा तेथपर्यंत पोहोचत नव्हता हे समजण्यासारखे होते. पण कडाक्याची थंडीही तेथे शिरत नव्हती, याचे सर्वांस नवल वाटले.

या कोड्याची किल्ली स्कॉटलंडमध्ये सापडली. एडिंबरो येथील अध्यापक टॉमस चार्ल्स होप याने १८०५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. शाळेच्या प्रयोगशाळेतही तो करता येतो. एक उंच काचेचे भांडे पाण्याने भरावे. त्यात एक उष्णतामापक वरच्या बाजूस आणि दुसरा तळाशी ठेवावा, आणि भांडे अतिशय थंड जागी ठेवून पाणी निवू द्यावे. प्रथम खालचा उष्णतामापक वेगाने उतरू लागतो. कारण गार झालेले पाणी जड होऊन तळाशी जाते. परंतु चार अंशांवर येताच तो थबकतो. त्यानंतर पाणी आणखी निवते, ते वरच्या बाजूस. वरचा उष्णतामापक शून्यापर्यंत जातो आणि बर्फही वरच धरते. तळाचा मात्र चार अंशांपाशीच बराच वेळ रेंगाळतो.

याचा अर्थ असा, की गार पाणी जड आणि ऊन पाणी हलके, एवढेच म्हणणे अर्धे खरे आहे. चार अंशांपर्यंत पाणी निवत जाते तसे जड होते. त्याखाली निवले तर ते पुन्हा हलके होऊ लागते. पाणी सर्वांत जड असते ते चार अंशांच्या सुमारास. एक लिटर पाण्याचे वजन चार अंशांना जवळजवळ हजार ग्रॅम भरते. वीस अंशांना ते पावणेदोन ग्रॅमांनी कमी भरते, आणि शून्य अंशाला ग्रॅमच्या सुमारे आठव्या हिश्शाने कमी भरते. वाण्याच्या तराजूला हे फरक समजणारही नाहीत. पण सरोवराला ते बरोबर समजतात. कारण तेथे पाणी पाण्यातच तोलले जाते, आणि रतीभर जड असलेले पाणीही अखेर खालची जागा धरते.

सरोवराच्या तळाशी बर्फ का नसते, हे आता उघड झाले. सर्वांत जड पाणी तळाशी, आणि सर्वांत जड पाणी म्हणजे चार-पाच अंशांचे पाणी. उंच पर्वतांवरील लहान सरोवरे हिवाळ्यात गोठतात, तेव्हा बर्फाचे कवच वर असते आणि त्याखाली चार अंशांच्या पाण्यात मासे सुखाने हिवाळा काढतात. पाणी इतर पदार्थांप्रमाणे शेवटपर्यंत जडच होत गेले असते, तर ती सरोवरे तळापासून वर गोठत आली असती आणि त्यांतील मासे वाचले नसते.

आता भर उन्हाळ्यात लेमानमध्ये आपण मनाने उतरून पाहू. ऑगस्ट महिना आहे. पृष्ठभागाचे पाणी वीस-बावीस अंशांचे, कधी त्याहूनही ऊन. मुले त्यात मनसोक्त पोहत आहेत. पाच-सात मीटर खाली गेले तरी उष्णतामान फारसे उतरत नाही. पण दहा मीटरांच्या पुढे पारा भराभर उतरू लागतो. वीस-तीस मीटरांपर्यंत तो दहा अंशांच्या आसपास येतो. विहिरीत सूर मारणाऱ्या मुलाला जो गारव्याचा पडदा लागतो, तोच हा पडदा, फक्त मोठ्या प्रमाणावर. पन्नास मीटरांवर सात अंश; शंभर मीटरांवर सहाच्या जवळपास; आणि तेथून पुढे तळापर्यंत दोनशे मीटर खाली गेले तरी पारा जेमतेम अंशाचाही फरक दाखवीत नाही. तेथे सूर्यप्रकाश नाही, लाटा नाहीत, ऋतू नाहीत. १९६४ मध्ये लोझान शहरी मोठे राष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या वेळी झाक पिकार या संशोधकाने बांधलेल्या ‘मेसोस्काफ’ नावाच्या पाणबुडीतून तीस हजारांहून अधिक हौशी माणसे या काळोख्या प्रदेशाला भेट देऊन आली. खिडकीतून त्यांना फारसे काही दिसले नाही. पण वर उन्हाळा चालू असताना आपण कायमच्या हिवाळ्यात उतरलो आहोत, हे त्यांना सांगण्यासारखे होते.

हा पडदा निर्माण होतो तो असा. सूर्याच्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता पाण्याच्या पहिल्या एका मीटरातच शोषली जाते. पाणी उष्णतेचे वाहक म्हणून फार मंद आहे. त्यामुळे ही उष्णता आपल्या आपण खाली उतरू म्हणेल, तर तिला वर्षे लागतील. तिला खाली नेतो तो वारा. वारा पृष्ठभाग घुसळतो आणि ऊन पाणी काही मीटर खालपर्यंत मिसळतो. पण जेथे हलके ऊन पाणी संपून जड गार पाणी सुरू होते, तेथे वाऱ्याचे बळ अपुरे पडते. जड पाणी वर उचलून हलक्यात मिसळावयाचे, तर ओझे उचलण्याइतकेच कष्ट पडतात. उन्हाळा जसा वाढतो तसे वरचे पाणी अधिक हलके होते, आणि पडदा अधिक घट्ट होतो. मग वर कितीही वादळे होवोत, खालच्या पाण्याला त्यांची वार्ता नसते. सरोवरावर जणू ऊन पाण्याचे झाकण बसते.

या झाकणाचा, आणि एकूणच सरोवराच्या अंतरंगाचा, सर्वांत चिकाटीने अभ्यास केला तो फ्रान्स्वा-आल्फाँस फोरेल याने. तो १८४१ मध्ये लेमानच्याच काठी मॉर्ज या गावी जन्मला आणि १९१२ मध्ये तेथेच वारला. शिक्षणाने तो वैद्य. लोझान येथे शरीरशास्त्र शिकवीत असे. परंतु शरीराप्रमाणेच सरोवराचीही नाडी पाहता येते, अशी जणू त्याची श्रद्धा होती. पाण्याचे उष्णतामान, रंग, लाटा, प्रवाह, तळचा चिखल, त्या चिखलातील कृमी, यांपैकी काहीही त्याने क्षुल्लक मानले नाही. १८९२ ते १९०४ या काळात त्याने ‘ल लेमान’ हा तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातून सरोवरशास्त्र हे नवे शास्त्रच उभे राहिले. एकाच सरोवरावर तीन खंड लिहिणे हे कोणाला अतिरेकी वाटेल. पण ते खंड वाचणाऱ्या शास्त्रज्ञांना जगातील इतर सरोवरे कशी पाहावी, हे कळले.

फोरेलने दाखविलेली एक गोष्ट मोठी मौजेची आहे. हिमनद्यांतून येणारे ऱ्होनचे पाणी उन्हाळ्यातही थंड आणि बारीक गाळाने भरलेले असते. ते सरोवराच्या पाण्याहून जड असले म्हणजे पृष्ठभागावर पसरत नाही. मुखापाशीच बुडी मारते आणि सरोवराच्या तळावरून एखाद्या गुप्त नदीप्रमाणे वाहत जाते. तिने तळावर कोरलेली खोल घळ फोरेलच्या काळात उजेडात आली, आणि १८८५ मध्ये त्याने तिचा उलगडा केला.

येथवर सरोवर म्हणजे केवळ थरांची रचना, असे वाटेल. पण हे थर जन्मभर असेच राहिले, तर सरोवराचा जीव गुदमरेल. ते कसे, हे समजण्यासाठी तळाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. मासे, शिंपले, कृमी आणि सूक्ष्म जीव या सर्वांना प्राणवायू लागतो. तो पाण्यात येतो दोनच वाटांनी: पृष्ठभागावर हवेतून, आणि उजेडात वाढणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींपासून. या दोन्ही वाटा वरच्या थरात आहेत. खालच्या काळोखात प्राणवायू निर्माण होत नाही. उलट तो सारखा खर्च होतो. वर वाढलेले शेवाळ मरून पावसासारखे खाली पडत असते, आणि ते कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकते. झाकण बसलेले असल्यामुळे वरून नवा पुरवठा येत नाही. म्हणजे उन्हाळाभर सरोवराचा तळ एकच श्वास धरून बसलेला असतो.

तो श्वास सुटतो हिवाळ्यात. शरद ऋतूपासून वरचे पाणी निवू लागते. निवलेले पाणी जड होऊन खाली जाते, त्याच्या जागी खालचे वर येते, तेही निवते आणि खाली जाते. झाकण असे आतून झिजत जाते आणि गारवा दिवसेंदिवस खोल उतरतो: डिसेंबरात पन्नास मीटर, जानेवारीत शंभर. हिवाळा कडक असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असा दिवस उजाडतो, की वरचे पाणी आणि तळाचे पाणी यांचे उष्णतामान अगदी एक होते. आता हलके-जड हा भेदच उरला नाही. ईशान्येकडून येणारा, तेथील लोक ज्याला ‘बीझ’ म्हणतात तो बोचरा वारा सुटला, की सबंध सरोवर तळापासून घुसळून निघते. वर्षभर वर राहिलेले पाणी तळाशी जाते आणि आपल्याबरोबर प्राणवायू नेते. तळाचे पाणी वर येते आणि तेथे साठलेले पोषक क्षार वर आणते. त्या क्षारांवर वसंत ऋतूत सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी, आणि त्यांवर मासे पोसतात. एका थंडीच्या लाटेवर इतक्या जीवांची शिदोरी अवलंबून असते.

लेमानमध्ये ओंब्ल शव्हालिये नावाचा एक मासा आहे. तो थंड पाण्याचा रहिवासी. त्याची मादी डिसेंबरच्या सुमारास खोल पाण्यातील गोट्यांवर अंडी घालते. त्याला पाणी गार हवे, आणि त्या गार पाण्यात प्राणवायूही भरपूर हवा. वरच्या थरात प्राणवायू असतो पण गारवा नसतो. तळाशी गारवा असतो पण प्राणवायूची शाश्वती नसते. कोळ्यांच्या जाळ्यात हा मासा किती येतो, यावरून सरोवराची प्रकृती बरीचशी ओळखता येते.

ती प्रकृती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार बिघडली होती. काठच्या गावांचे सांडपाणी, शेतांतील खते आणि कपडे धुण्याच्या भुकट्या यांतून फॉस्फरस सरोवरात येऊ लागला. त्यावर शेवाळ बेसुमार माजले, आणि मेलेल्या शेवाळाच्या ढिगांनी तळाचा प्राणवायू संपू लागला. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांनी मिळून १९६३ मध्ये सरोवराच्या रक्षणासाठी संयुक्त आयोगाचे काम सुरू केले. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे बांधली गेली. स्वित्झर्लंडने १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या भुकट्यांतील फॉस्फेटांवर बंदी घातली, आणि फ्रान्सने २००७ मध्ये घरगुती भुकट्यांपुरती तशीच बंदी घातली. फॉस्फरस पुष्कळ उतरला, पाणी पुन्हा निवळले. माणसाने बिघडविलेले माणसाला सुधारता येते, याचे हे एक दुर्मिळ उदाहरण होय.

पण त्याच सुमारास दुसरीच अडचण पुढे आली, आणि ती भुकट्यांवर बंदी घालून दूर होणारी नव्हती. हिवाळेच सौम्य होऊ लागले. पृथ्वीचे हवामान तापत चालल्यामुळे लेमानचे वरचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीसही पुरेसे निवत नाही. तळाशी पाच-साडेपाच अंशांचे पाणी, आणि वर सहा-सात अंशांचे. एवढा थोडा फरकही झाकण मिटू न देण्यास पुरतो. वरून सुरू झालेली घुसळण शंभर-दोनशे मीटरांपर्यंत जाऊन थांबते, आणि त्याखालचा थर श्वासावाचून दुसरे वर्ष काढतो, मग तिसरे.

२००५ व २००६ च्या हिवाळ्यांत सरोवर तळापर्यंत घुसळले गेले होते. त्यानंतर ते घडले २०१२ मध्ये. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत युरोपावर थंडीची भयंकर लाट आली. बीझ वाऱ्याने लाटांचे तुषार काठावर उडविले आणि ते पडता पडता गोठले. जिनीव्हाजवळच्या व्हर्स्वा गावी काठावर उभ्या असलेल्या मोटारी, बाके आणि झाडे हातभर जाडीच्या बर्फाखाली गाडली गेली. त्यांची छायाचित्रे जगभर पाहिली गेली आणि लोक हळहळले. पण त्याच रात्रींत तीनशे मीटर खाली, कोणाच्याही दृष्टीस न पडता, सरोवराचा तळ पुन्हा भरून श्वास घेत होता. काठावरच्या मोटारींचे नुकसान झाले, ते काही कमी नव्हे. तथापि सरोवराच्या हिशेबात तो हिवाळा वरदानच होता. त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ तसे पूर्ण घुसळण झाले नाही.

तळाचा प्राणवायू फार घटला, तर केवळ कृमी-मासेच धोक्यात येतात असे नाही. तळच्या चिखलात पूर्वीच्या वर्षांचा फॉस्फरस बांधून ठेवलेला असतो. प्राणवायू आहे तोवर तो चिखलात राहतो. प्राणवायू संपला की तो सुटून पाण्यात मिसळतो. म्हणजे जो शत्रू इतक्या खटाटोपाने दारातून बाहेर घालविला, तो तळघरातून पुन्हा वर येऊ शकतो. लेमानचे पाणी काठच्या लक्षावधी लोकांच्या पिण्यात आहे. ते पृष्ठभागावरून न घेता बरेच खालून घेतात. कारण तेथे ते गार आणि कमी शेवाळाचे असते. जिनीव्हात २००९ पासून असेच खालचे थंड पाणी नळांनी आणून मोठमोठ्या इमारती गार ठेवण्यासही वापरतात. सरोवराचे थर अशा रीतीने शहराच्या रोजच्या व्यवहारात येऊन बसले आहेत.

आल्प्समध्ये निदान हिवाळा तरी येतो. जेथे हिवाळा कधी येतच नाही, तेथे काय होते? फोरेलने सरोवरांचे शीत, समशीतोष्ण आणि उष्ण असे वर्ग पाडले होते, ते याच प्रश्नावरून. जगातील सर्वांत खोल दोन सरोवरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे त्याचे उत्तर मिळते. सायबेरियातील बैकल सरोवर १६४२ मीटर खोल आहे. हिवाळ्यात त्यावर बर्फाचे जाड कवच असते. तळाचे पाणी चार अंशांहूनही किंचित गार आहे. खोलवरच्या प्रचंड दाबाखाली पाणी सर्वांत जड होण्याचे उष्णतामान खाली सरकते, म्हणून हे शक्य होते. एवढ्या खोलीवरही तेथे प्राणवायू पोहोचतो आणि तळाच्या चिखलात जीव नांदतात. पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवर सुमारे १४७० मीटर खोल आहे. त्याच्या तळाचे पाणीही तेवीस अंशांचे, आणि वरचे पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचे. फरक दोन-पाच अंशांचाच. तरी झाकण अतिशय घट्ट! याचे कारण असे, की ऊन पाण्यात एकेका अंशाने वजनात पडणारा फरक फार मोठा असतो. चार अंशांवरून पाच अंशांवर जाताना पाणी जितके हलके होते, त्याच्या सुमारे तीसपट ते चोविसांवरून पंचविसांवर जाताना होते. त्यामुळे टांगानिकात प्राणवायू वरच्या शंभर-दोनशे मीटरांपर्यंतच जातो. त्याखाली हजार मीटरांहून अधिक पाण्यात एकही मासा जगू शकत नाही.

तरीही त्या वरच्या पातळ थरावर टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांतील असंख्य कोळी कुटुंबे जगतात. मे ते सप्टेंबर या काळात आग्नेयेचे वारे वाहतात. ते वरचे ऊन पाणी उत्तरेकडे ढकलतात, आणि दक्षिणेच्या काठापाशी खालचे क्षारयुक्त पाणी वर येते. त्या क्षारांवर शेवाळ वाढते, आणि त्यावर लहान मासळीचे थवे पोसले जातात. रात्री होड्यांवर दिवे लावून ही मासळी धरण्याची तेथील रीत आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखविले, की विसाव्या शतकात सरोवराचे पाणी तापले, झाकण अधिक घट्ट झाले आणि वर येणारे क्षार कमी झाले. मासळी घटण्यास वाढती मासेमारीही कारण आहे, हे खरे. पण ज्या पाण्यातच अन्न कमी झाले, त्यात जाळी कमी टाकूनही मासळी पूर्वीइतकी होणे कठीण.

लेमानची गत टांगानिकासारखी होईल काय? तसे लगेच मानण्याचे कारण नाही. ऱ्होनचे गार पाणी अधूनमधून खाली उतरून थोडा प्राणवायू नेते. काठच्या उथळ भागातील पाणी मध्यापेक्षा लवकर निवते आणि उतारावरून ओघळून खोल जाते. शिवाय कोंडलेले तळाचे पाणीही वर्षानुवर्षे थोडे थोडे तापत असते. त्यामुळे वरच्या पाण्याशी त्याचे अंतर पुन्हा कमी होते, आणि एखादा मध्यम कडक हिवाळाही घुसळण करू शकेल. मात्र तोपर्यंत तळाचा प्राणवायू किती खाली गेलेला असेल, आणि ओंब्लची पोसवण करणारे गार पाणी किती उरलेले असेल, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून लेमानवर सतत पहारा ठेवावा लागतो. लोझान आणि समोरच्या काठावरचे एव्हियाँ यांच्या दरम्यान, सरोवराच्या सर्वांत खोल जागी, १९५७ पासून नियमाने मोजमापे घेतली जात आहेत. २०१९ मध्ये लोझानजवळच्या पाण्यावर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा एक तरंगता मंचही नांगरण्यात आला. त्यावरील उपकरणे रात्रंदिवस नोंदी करतात. सोस्यूरच्या मेणाच्या गोळ्याची जागा आता विजेवर चालणाऱ्या सूक्ष्म मापकांनी घेतली आहे. तळाचे उष्णतामान कळण्यास पूर्वी कित्येक तास लागत. आता यंत्र खाली सोडले की उतरता उतरताच प्रत्येक मीटराचे उष्णतामान आणि प्राणवायू नोंदला जातो. हिवाळा सरत आला, की नाव त्या खोल जागी जाऊन थांबते आणि यंत्र तीनशे मीटर खाली सोडले जाते. ते वर आले म्हणजे सर्वांत आधी दोनच आकडे पाहिले जातात: पृष्ठभागाचे उष्णतामान किती आणि तळाचे किती.